दहाव्या पावसाळ्याचा स्क्रू

उरण तालुक्यातल्या जासई गावाभोवती गेल्या साडेतीन दशकांत भातखाचरे कमी होत गेली आणि पत्रा वाढत गेला. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झाले. त्यामागून कंटेनरची यार्डे, मालाची गोदामे, ट्रकदुरुस्तीची गॅरेजे आली. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला अटल सेतू शेजारच्या चिर्ल्यातच जमिनीला टेकतो, त्यामुळे हा ओघ थांबण्याचे चिन्ह नाही. गावातल्या घरांवरची कौले उतरली, स्लॅब पडले, आणि चार महिन्यांच्या पावसाला तोंड देण्यासाठी त्या स्लॅबवर पुन्हा लोखंडी पाइपांची, रंगीत पत्र्यांची शेड चढली. बंदराचे आणि पत्र्याचे नाते तसे जन्मापासूनचे आहे. हेन्री पामर हा लंडनच्या गोदी कंपनीचा इंजिनियर होता. पातळ लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडल्या की तो आपल्या वजनाच्या मानाने फार ताठ होतो, या कल्पनेचे पेटंट त्याने १८२९ मध्ये घेतले आणि तिचा पहिला उपयोग गोदीवरच्या शेडसाठी केला. मात्र या शोधाने एक अडचणही कायमची मागे लावून दिली. इतके हलके छप्पर वाऱ्यात जागेवर धरून ठेवायचे, आणि ते धरण्यासाठी त्याला जी भोके पाडावी लागतात त्यांतून पाणी आत येऊ द्यायचे नाही. या दोन्ही गोष्टी आज एकच वस्तू करते, ती म्हणजे षटकोनी डोक्याचा आणि अंगच्या वॉशरचा स्क्रू. पत्रा कुठल्या कंपनीचा, किती जाड, कुठल्या रंगाचा यावर घरात आठवडाभर चर्चा होते. स्क्रू मात्र फॅब्रिकेटर येताना पिशवीत घालून आणतो आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की खाडीकाठच्या हवेत छपराचे आयुष्य पत्र्याइतकेच, बहुतेक वेळा पत्र्यापेक्षा जास्त, या स्क्रूवर ठरते. आणि तो निवडताना आज तो किती घट्ट बसतो हे न पाहता दहाव्या पावसाळ्यात त्याचे काय झालेले असेल हे पाहायला हवे.

तो हातात घेऊन पाहिला की त्यात किती विचार भरला आहे ते कळते. टोकाला लहानशी ड्रिल असते, कीस बाहेर पडावा म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात. ती स्वतःच भोक पाडते, मागून येणारे आटे त्या भोकात स्वतःची वाट कापतात, म्हणून याला सेल्फ ड्रिलिंग स्क्रू म्हणतात. वर षटकोनी डोके. फुलीच्या खाचेच्या स्क्रूवर जोर लावला की बिट खाचेतून निसटू पाहते, आणि उतरत्या छपरावर वाकून काम करणाऱ्याला ती वरून सतत दाबून धरावी लागते. षटकोनाला सॉकेट बाहेरून सहाही बाजूंनी पकडते, त्यामुळे पिळण्याचा जोर पूर्ण मिळतो आणि हात सटकत नाही. डोक्याच्या तळाशी, डोक्यासोबतच घडवलेली गोल किनार असते, तोच अंगचा वॉशर. नेहमीच्या ५.५ मिमी स्क्रूला तिचा व्यास सुमारे ११ मिमी असतो. तिच्याखाली आणखी एक मोठी धातूची चकती आणि तिला खालून चिकटवलेले काळे रबर. हे रबर ईपीडीएम जातीचे असावे लागते. डोके, किनार, चकती आणि रबर हा जो वरचा पाऊण इंचाचा भाग आहे, तोच पुढची पंधरा-वीस वर्षे उघड्यावर ऊन, पाऊस आणि खारा वारा खाणार असतो.

छपराचा स्क्रू पत्र्याला तोलून धरतो असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर तो पत्र्याला खाली दाबून धरतो. अर्ध्या मिलिमीटरचा पोलादी पत्रा पन्हळीसकट धरला तरी चौरस मीटरला पाच किलोच्या आत भरतो. एवढ्या वजनाला पाइपांचा आधार पुरेसा आहे. पण वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचे साधे सूत्र आहे: वेगाचा (मीटर प्रतिसेकंद) वर्ग करा आणि त्याला ०.६ ने गुणा. मुंबई परिसरासाठी मूळ वेग धरला जातो ४४ मीटर प्रतिसेकंद. हिशेब केला तर चौरस मीटरला जवळपास ११८ किलोंचा दाब निघतो, म्हणजे पत्र्याच्या वजनाच्या वीसपटीहून जास्त. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. त्याच सूत्राने तो दाब ६८ किलोंच्या आसपास येतो. तेवढ्यानेच रायगड आणि रत्नागिरीत असंख्य छपरे उडाली. पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पाइपांमधले, म्हणजे पर्लिनमधले, अंतर दीड मीटर आणि प्रत्येक पर्लिनवर दर फुटाला एक स्क्रू धरला, तर एका स्क्रूच्या वाट्याला साधारण अर्धा चौरस मीटर पत्रा येतो, म्हणजे ४४ मीटरच्या वाऱ्यात पन्नासहून अधिक किलोंची ओढ. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ सहज दुप्पट होते. गच्चीवरची शेड तर चारही बाजूंनी उघडी असते, वारा तिच्या पोटात शिरून खालूनही ढकलतो. म्हणून कडेच्या ओळीतले स्क्रू दाट हवेत, मधल्या भागात थोडे विरळ चालतात. प्रत्यक्षात सगळीकडे एकच माप लावले जाते, आणि घाई असली तर नेमके कडेचेच सुटतात.

आता कोणी म्हणेल, शंभर किलोंची ओढ असली तरी पोलादी स्क्रूला ती काय जड? हे बरोबर आहे. आट्यांची पकड मोजायची एक रूढ रीत अशी आहे की खालच्या पोलादाची जाडी, स्क्रूचा व्यास आणि त्या पोलादाची ताण सोसण्याची क्षमता यांचा गुणाकार करून त्याचे ८५ टक्के घ्यायचे. दोन मिलिमीटरच्या पर्लिनमध्ये ५.५ मिमीचा स्क्रू त्या हिशेबाने पावणेचारशे किलोंच्या आसपास ओढ सोसतो. गच्चीवरच्या शेडला वापरतात तसल्या १.२ मिमीच्या पाइपात हाच आकडा सव्वादोनशेवर येतो. म्हणजे नवा असताना, सरळ बसवला असताना, जवळपास कुठलाही स्क्रू पुरतो. इथेच गफलत होते. ‘बघा, कसा घट्ट बसलाय’ हे प्रशस्तिपत्र पहिल्या दिवशी स्वस्तातल्या स्वस्त स्क्रूलाही मिळते. छप्पर जाते ते वेगळ्या वाटेने. आटे उपटून येण्याआधी बऱ्याचदा पत्राच डोक्याभोवती फाटतो आणि डोके जागेवर ठेवून वर निघून जातो. डिसेंबर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराला ट्रेसी चक्रीवादळाने झोडपले आणि तिथली बहुसंख्य घरे मोडली. पाहणीत दिसले की झोतामागून झोत येताना पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती पुन्हा पुन्हा लवला, तिथे बारीक चिरा पडल्या आणि एकदाच लावून पाहिलेल्या भाराच्या मानाने फार कमी जोरात तो सुटला. त्यानंतर तिथे छपराच्या जोडांची चाचणी भार हजारो वेळा लावून-काढून घेण्याचा नियम आला. डोक्यावरून पत्रा फाटून जाण्याला जो विरोध असतो तो पत्र्याच्या जाडीवर आणि चकतीच्या व्यासावर अवलंबून असतो. ११ मिमीच्या किनारीऐवजी १६ मिमीची चकती असली तर तो विरोध जवळपास दीडपट होतो. घेताना सगळे टोक आणि लांबी बघतात. वादळात कामाला येते ती ही चकती.

पण जासईत वादळ रोज येत नाही, खारी हवा मात्र रोज असते. पनवेलची खाडी जवळ, उरणच्या बाजूला मिठागरांची जुनी जमीन, आणि जून ते सप्टेंबर नैऋत्येचा समुद्रावरून येणारा वारा. हवा धातूला किती खाते याची प्रतवारी आयएसओ ९२२३ या मानकात आहे. त्यातल्या सी-४ या वर्गात जस्ताचा थर वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन झिजतो, सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. खाडीकाठी निदान सी-४ धरूनच चालावे. साध्या, चकचकीत, विजेच्या मुलाम्याच्या स्क्रूवर जस्त असते साधारण आठ मायक्रॉन. भागाकार केला तर दोन ते चार वर्षे. दुसरीकडे अॅल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रणाचा १५० ग्रॅम थर दिलेला चांगला रंगीत पत्रा घेतला, तर त्यावर एका बाजूला वीस मायक्रॉनचा थर असतो, तो नुसत्या जस्ताच्या मानाने बराच सावकाश झिजतो, आणि वर रंगाचे संरक्षण वेगळेच. पंधरा-वीस वर्षे टिकणारा पत्रा आपण चार वर्षे टिकणाऱ्या स्क्रूंनी ठोकतो आहोत, एवढाच या आकड्यांचा अर्थ. आणि गंजलेला स्क्रू एकटा जात नाही. त्याचा गंज ओघळत पत्र्यावर उतरतो, भोकाची कड खातो, मग नवा स्क्रू घालायलाही धड जागा उरत नाही. यात आणखी एक बारकावा आहे. पावसाने धुतल्या जाणाऱ्या पत्र्यावरचे मीठ निघून जाते, पण वळचणीखाली, पाखाच्या आतल्या बाजूला, चकतीच्या सावलीत ते साचून राहते. म्हणून भिंतीच्या पत्र्याचे आणि वळचणीलगतचे स्क्रू छपराच्या मध्यावरच्या स्क्रूंआधी गंजलेले दिसतात.

यावर दुकानात दोन उत्तरे मिळतात. पहिले, डोके पत्र्याच्या रंगात रंगवलेले आहे. रंगाने स्क्रू शोभतो, पण सॉकेट त्यावर फिरले की षटकोनाच्या कडांवरचा रंग उडतो आणि गंज नेमका त्या कडांवरूनच सुरू होतो. खालचा थर जाड नसेल तर वरच्या रंगाचा आधार फार दिवस पुरत नाही. दुसरे, ‘हजार तासांची टेस्ट’. ही चाचणी खोटी नाही. पाच टक्के मिठाचे पाणी, ३५ अंश तापमान, बंद पेटीत सतत फवारा. तिच्यावरून दोन थरांची तुलना करता येते. पण त्या पेटीत ऊन नसते, ओले-कोरडेही होत नाही, म्हणून तासांची वर्षे करता येत नाहीत. विचारायचे ते थर कशाचा, किती मायक्रॉनचा आणि कुठल्या मानकाप्रमाणे. ऑस्ट्रेलियाच्या ३५६६ क्रमांकाच्या मानकात अशा स्क्रूंचे गंजविरोधाप्रमाणे वर्ग पाडले आहेत. आपल्याकडच्या बाजारातही ‘क्लास ३’, ‘क्लास ४’ ही भाषा तिथूनच आली. समुद्राजवळच्या छपराला चौथ्याच वर्गाचा आग्रह धरावा, आणि पिशवीवरच्या छपाईवर न थांबता डोक्यावर बनवणाऱ्याची खूण ठोकलेली आहे का ते पाहावे. विजेच्या मुलाम्याबद्दल एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ड्रिलच्या टोकासाठी पोलाद कडक करावे लागते, आणि मुलामा देताना तयार होणारा हायड्रोजन त्या कडक पोलादात शिरला की ते ठिसूळ होते. मुलाम्यानंतर स्क्रू नीट भाजून हा वायू काढला नाही, तर बसवल्यावर काही दिवसांनी, कोणी हात न लावता, डोके तटकन तुटून पडते. शेडखाली जमिनीवर सुटी षटकोनी डोकी सापडू लागली तर कारण बहुधा हेच असते.

मग सरळ स्टेनलेस स्टील का घेऊ नये, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि अॅल्युमिनियमच्या पत्र्यापुरते त्याचे उत्तर ‘जरूर घ्यावे’ असेच आहे. पोलादी पत्र्यावर मात्र प्रश्न गुंततो. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. स्टेनलेसला टेकलेले जस्त झिजते, आणि ते झिजते भोकाभोवतीच. स्क्रू वीस वर्षांनी चकाकत राहील, पण त्याने धरलेला पत्रा तिथे उरलेला नसेल. म्हणूनच जस्त किंवा अॅल्युमिनियम-जस्ताच्या पत्र्यासाठी, विशेषतः किनाऱ्यालगत, पत्रा बनवणारे स्टेनलेसची शिफारस टाळतात आणि त्याच जातीच्या जाड थराचे स्क्रू सुचवतात. शिवाय गंज न लागणारे ३०४ किंवा ३१६ जातीचे पोलाद मऊ असते, ते दुसऱ्या पोलादात भोक पाडू शकत नाही. त्याला टोकापुरते साधे कडक पोलाद जोडावे लागते आणि किंमत कितीतरी वर जाते. आणि चुंबकाला चिकटणारे स्टेनलेस म्हणून जे विकले जाते ते बहुधा ४१० जातीचे असते. त्याने भोक पडते, पण खाऱ्या हवेत तेही डागाळते.

थराइतकेच महत्त्व रबराचे. खरे ईपीडीएम ऊन आणि ओझोन दोन्ही सोसते. मिसळलेले, जुन्यातून पुन्हा बनवलेले रबर दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते. नखाने दाबून पाहावे, घडी घालून सोडावे. चांगले रबर लगेच मूळ आकारात येते आणि धातूच्या चकतीपासून सोलून निघत नाही. जे सहज सुटते ते वर पीळ बसताच बाजूला सरकणार, हे नक्की. रबराला पाणी अडवण्याखेरीज दुसरेही काम आहे. पोलाद दर अंशाला, दर मीटरला ०.०१२ मिमी वाढते. गडद रंगाचा पत्रा मे महिन्याच्या दुपारी सहज ६५ अंशांवर जातो आणि रात्री पंचविशीत उतरतो. दहा मीटर लांबीच्या पत्र्यात ही रोजची ये-जा पाच मिलिमीटरच्या जवळ भरते. ती प्रत्येक स्क्रूपाशी थोडी थोडी वाटली जाते आणि रबर ती सोसते. पण सोसायला रबर शिल्लक असले पाहिजे. बरोबर आवळलेल्या स्क्रूचे रबर चकतीच्या कडेबाहेर सगळीकडून सारखे, मिलिमीटरभर डोकावते. ढिल्या स्क्रूचे डोकावतच नाही. अति आवळलेल्याचे रबर फुगून, फाटून बाहेर येते, चकती उलट्या वाटीसारखी वाकते आणि भोवती पत्र्यात खळगा पडतो. त्या खळग्यात पहिल्याच पावसाचे पाणी साचते. ठोके मारणाऱ्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने हे हमखास होते. त्याऐवजी ठरावीक पिळाला सुटणारे क्लचचे स्क्रूगन वापरावे, ५.५ मिमीसाठी मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आत. कामगाराला त्याची सवय नसते आणि काम जरा सावकाश होते, हे खरे. पण पातळ पाइपात आटे एकदा घसरले की मघाच्या सव्वादोनशे किलोंमधले फारसे काही उरत नाही, आणि वरून पाहणाऱ्याला ते समजतही नाही.

लांबी आणि टोक यांचा हिशेब सोपा आहे, फक्त तो करायला हवा. टोकाच्या ड्रिलने खालचे पोलाद पूर्ण पार केल्याशिवाय पहिल्या आट्याने त्याला स्पर्श करता कामा नये, कारण आटे ड्रिलपेक्षा फार वेगाने पुढे ओढतात आणि मग टोक मोडते किंवा आटे चिरडतात. म्हणून टोकांना क्रमांक असतात. ५.५ मिमीचे तीन क्रमांकाचे टोक सुमारे पाच मिलिमीटरपर्यंतच्या पोलादाला पुरते. गोदामाच्या जाड अँगलला किंवा चॅनेलला लांब, पाच क्रमांकाचे टोक आणि बारीक आटे लागतात. लांबी मात्र स्क्रू कुठे मारायचा यावर ठरते. पन्हळीच्या खोलगट भागात मारला तर पत्रा थेट पर्लिनवर दाबला जातो, पकड उत्तम आणि २५ मिमीची लांबी पुरते. पण पाण्याची वाट तीच. उंचवट्यावर मारला तर पाणी बाजूने निघून जाते, पण पत्र्याखाली पोकळी असल्यामुळे ५० मिमी किंवा जास्त लांबी लागते आणि जरा जास्त आवळला की उंचवटा चेपतो. अमेरिकेत खोलगट भागाचा रिवाज आहे, ऑस्ट्रेलियात छपराला उंचवट्याचा. दोन्हीकडचे लोक अडाणी नाहीत, त्यांचा पाऊस आणि पत्र्याचे आकार वेगळे आहेत. उरण-पनवेलकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गच्चीवरच्या शेडना उतार जेमतेम असतो. अशा ठिकाणी छपराला उंचवटा आणि भिंतीच्या पत्र्याला खोलगट भाग, हेच मला रास्त वाटते. लांब स्क्रूचे चार पैसे त्यात जातात, ते जाऊ द्यावेत.

जुने कारागीर अजूनही जे-बोल्टची, म्हणजे खाली हुक असलेल्या बोल्टची, बाजू घेतात. त्यांचा मुद्दा असा की हुक अँगलला खालून कवळा घालतो, तो आट्यांसारखा उपटून येत नाही. पकडीपुरते ते खरे आहे. पण जे-बोल्टचे भोक वेगळे पाडावे लागते आणि ते बोल्टपेक्षा मोठेच पडते. वरचे छत्री वॉशर आणि बिटुमनची चकती उन्हाने सुकली की भेगाळते. वाऱ्याने पत्रा धडधडला की हुक हळूहळू फिरतो, नट सैल होतो. सिमेंटच्या पत्र्यांवर, जिथे भोकात मोकळीक लागतेच, जे-बोल्टला अजून जागा आहे. पातळ पोलादी पत्र्यावर नाही. सिलिकॉनचे मात्र मी समर्थन करणार नाही. गळणाऱ्या डोक्यावर सिलिकॉनचा गोळा चोपडला की गळती एखादा पावसाळा थांबते आणि त्याखाली गंज निवांत चालू राहतो. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन तर सुकताना असेटिक आम्ल सोडते, ते जस्ताला खाते. मोठ्या गोदामांना एकही भोक न पाडता, आतल्या क्लिपांवर अडकवलेले, कडा दुमडून जोडलेले छप्पर परवडते आणि त्यांनी ते जरूर करावे. पण त्या क्लिपाही पर्लिनवर स्क्रूनेच बसतात, आणि शंभर चौरस मीटरच्या घरगुती शेडसाठी तो मार्ग नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. शंभर चौरस मीटरच्या शेडला मघाच्या अंतराने सव्वादोनशेच्या आसपास स्क्रू लागतात, कडांना दाट केले आणि पत्र्याला पत्रा जोडणारे धरले तर तीनशेच्या घरात. साध्या आणि जाड थराच्या स्क्रूत नगामागे पाच रुपयांचा फरक धरला तरी सगळा मिळून दीड हजार रुपये होतात. पाच वर्षांनी माणूस वर चढवून तेवढेच स्क्रू बदलायची एका दिवसाची मजुरीही त्यात निघणार नाही. फॅब्रिकेटर चौरस फुटाचा भाव ठरवून काम घेतो, म्हणून स्क्रू त्याच्या खर्चात पडतो आणि तो स्वस्त आणतो. यात त्याचा दोष कमी आहे, ठरवताना आपण लिहून न घेतल्याचा जास्त. स्क्रू कोणत्या थराचा, चकती किती मिलिमीटरची, रबर कशाचे, कडेला अंतर किती, या चार ओळी कोटेशनमध्ये पत्र्याच्या नावाखाली लिहून घ्याव्यात आणि काम संपल्यावर त्याच संध्याकाळी छपरावरचा लोखंडी कीस झाडून काढायला सांगावा, नाहीतर एका रात्रीत तो गंजून नव्या रंगावर तपकिरी ठिपके उठतात.

ज्यांची शेड आधीच उभी आहे त्यांनी मे महिन्यात, पत्रा कोरडा असताना, कडेच्या आणि वळचणीच्या ओळी आधी पाहाव्यात. डोके तांबूस झाले आहे पण रबर शाबूत आहे, असे स्क्रू आणखी एखादे वर्ष चालतील. रबर तडकलेला, पीळ देताच गोल फिरणारा, डोके नसलेला स्क्रू लगेच काढावा. त्याच भोकात पुन्हा ५.५ मिमीचा घालू नये, तो पकडणार नाही, ६.३ मिमीचा, मोठ्या चकतीचा घ्यावा. त्याला ८ ऐवजी १० मिमीचे सॉकेट लागते, तेवढे छपरावर चढण्यापूर्वी खिशात टाकून घ्यावे.